धावरे आणि दर सहा तासांनी एक कॅप्सूल

गेल्या वर्षी आषाढात मी लावणीसाठी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी आठ दिवस राहिलो होतो. एरवी मी पुण्यात कचेरीत बसून काम करणारा माणूस; वर्षातून एकदा खाचरात उतरतो, चार दिवस कंबर मोडून घेतो आणि आपण अजून गावचेच आहोत असे समाधान घेऊन परत येतो. या वेळी समाधानाबरोबर उजव्या पायाला चिखल्या घेऊन आलो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यातले कातडे पांढरे पडून सोलवटले होते, रात्री खाज सुटत होती आणि चालताना चुरचुरत होते. आईने करंजेल लावायला दिले. लावणी करणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला चिखल्या असतातच, त्यामुळे तिलाही त्यात विशेष काही वाटले नाही आणि मलाही नाही.

रविवारी पुण्यात परतलो. सोमवारी रात्री जेवणानंतर एकाएकी हुडहुडी भरली. दोन पांघरुणे घेऊनही दात वाजत होते. उजव्या जांघेत अवधाण आले होते, म्हणजे गाठ सुजली होती. हात लावला की कळ येत होती. पावलाच्या वरच्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी, मुगाएवढी पुवाची पुटकुळी होती आणि तिच्याभोवती तळहाताएवढा लाल, गरम, तुळतुळीत चट्टा पसरला होता. मी आईला दूरध्वनी केला. तिने वर्णन ऐकून लगेच सांगितले, “अरे, ते धावरं आहे. तुझ्या आजोबांना दोनदा झालं होतं. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा.” तिचे ऐकले असते तर हे सगळे लिहिण्यासारखे काही उरले नसते.

झाले असे की आमच्या कपाटाच्या खणात सेफिक्झिम २०० या प्रतिजैविकाची एक अर्धवट पट्टी पडून होती. आधीच्या डिसेंबरात मला सर्दी-खोकला झाला होता, तेव्हा एका दवाखान्यात पाच दिवसांसाठी दहा गोळ्या लिहून दिल्या होत्या. तीन दिवसांत घशाला बरे वाटले म्हणून मी त्या थांबवल्या आणि उरलेल्या चार ‘पुढे लागतील’ म्हणून जपून ठेवल्या. खोकला त्यानंतरही दोन आठवडे चाललाच होता, म्हणजे त्या गोळ्यांनी नेमके काय बरे केले हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला नाही. मंगळवारी आणि बुधवारी मी त्या चार गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतल्या. तापाच्या गोळीने ताप तात्पुरता उतरत होता, त्यामुळे गुण येतो आहे असे मी स्वतःला आणि पत्नीलाही पटवत राहिलो. गुरुवारी सकाळी गोळ्या संपल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवून नवी घेतली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, नाव विचारले नाही, कुठल्या वहीत काही लिहिलेही नाही. सेफिक्झिम हे शेड्यूल एच-१ मधले औषध आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विकल्यावर डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. तसा इशारा पट्टीच्या मागे लाल चौकटीत छापलेलाही होता. मी तो नंतर वाचला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत लाली घोट्याच्या वर चढून नडगीच्या मध्यावर आली आणि पाय खाली सोडला की फुटेल असे वाटू लागले, तेव्हा मी आमच्या भागातल्या एका फिजिशियनांकडे गेलो.

त्यांनी आधी पायाकडे पाहिलेच नाही. भातखाचरात उतरला होतात, असे म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, लघवीचा रंग विचारला, दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. कोकणात लावणीनंतर ताप म्हटले की लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा, विचार आधी करावा लागतो, असे ते म्हणाले. मग मधुमेह आहे का, पूर्वी पायाची नस कधी सुजली होती का, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, हे विचारून झाल्यावर त्यांनी माझे पाऊल टेबलावर घेतले आणि बोटांची बेचकी फाकवली. “दार इथे उघडं राहिलं,” ते म्हणाले. चिखल्या म्हणजे बुरशी. तिने कातडीला चीर पाडली आणि त्या चिरेतून जंतू आत शिरले. या आजाराला ते सेल्युलायटिस म्हणत होते. आईचे धावरेही ढोबळमानाने हेच. त्यांनी एक साधे बॉलपेन घेऊन लालीच्या कडेकडेने नडगीवर रेघ ओढली आणि रेघेशेजारी तारीख व वेळ लिहिली. पुटकुळी टोचून निघालेला पू कापसाच्या काडीवर घेतला, ती काडी नळीत घालून तपासणीला पाठवली आणि रक्तही घ्यायला सांगितले.

त्यानंतर मी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. ओरडा बसेल असे वाटले होते, त्यांनी पट्टी उलटीसुलटी पाहिली आणि विचारले, “ही कशासाठी दिली होती?” मी खोकल्याचे सांगितले. मग त्यांनी जे समजावले ते मी घरी आल्यावर वहीत उतरवून ठेवले, कारण माझी समजूत नेमकी उलटी होती. सेफॅलोस्पोरिन हे एका औषधाचे नाव नसून घराण्याचे नाव आहे आणि त्यातल्या औषधांच्या ‘पिढ्या’ मोजतात. सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिल पहिल्या पिढीतली, सेफ्युरोक्झिम दुसऱ्या, तर सेफिक्झिम आणि सेफपोडॉक्झिम तिसऱ्या. मला वाटत होते की पिढी जितकी पुढची तितके औषध जोरदार, मोबाइलसारखे. प्रत्यक्षात पुढच्या पिढीचे औषध वेगळ्या जंतूंवर चालते, आणि ती ताकद मिळवताना अनेकदा मागच्या पिढीची काही ताकद गमावून बसते. सेफिक्झिम हे त्याचे ठळक उदाहरण आहे. लघवीच्या संसर्गातल्या काही जंतूंवर ते सेफॅलेक्सिनपेक्षा सरस आहे. पण पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जो कातडीवरचा नेहमीचा जंतू, त्याच्यापुढे ते जवळजवळ निष्प्रभ आहे. कातडीच्या संसर्गात बहुतेक वेळा गुन्हेगार दोनच असतात, स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस. पहिल्यावर सेफिक्झिम चालले असते. “पण तुमच्याकडे पू आहे,” डॉक्टर म्हणाले, “आणि पू म्हटलं की मला दुसऱ्याचा संशय येतो. अडीच दिवस तुम्ही त्याला नुसतं वाढू दिलंत.”

औषध लिहिण्यापूर्वी त्यांनी ॲलर्जी विचारली आणि मी म्हणालो, “पेनिसिलिनची आहे.” लहानपणापासून मी प्रत्येक अर्जात, प्रत्येक दवाखान्यात हेच सांगत आलो आहे. पेन खाली ठेवून त्यांनी विचारले, “म्हणजे नेमकं काय झालं होतं?” मला काहीच आठवत नव्हते. शेवटी तिथूनच आईला दूरध्वनी लावला आणि तो डॉक्टरांच्या हातात दिला. पलीकडून आईचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता: “नऊ वर्षांचा होता हो. उपाशीपोटी नेला होता. सुई बघितली आणि पांढरा पडून खाली बसला. साखरपाणी दिलं, पाच मिनिटांनी खेळायला गेला.” अंगावर पित्त उठले होते का, ओठ किंवा डोळे सुजले होते का, श्वास लागला होता का, या तिन्ही प्रश्नांना तिचे उत्तर ‘नाही’ होते. चार वर्षांपूर्वी दाढ काढल्यावर मी अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल पाच दिवस घेतल्या होत्या आणि काही झाले नव्हते, हे मग मला आठवले. अमॉक्सिसिलिन हेही पेनिसिलिनच, हे मला इतकी वर्षे ठाऊकच नव्हते. ज्याला मी चाळीस वर्षे ॲलर्जी म्हणत आलो, ती सुईची भीती होती.

हा प्रश्न त्यांनी इतका का ताणला तेही त्यांनी सांगितले. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या दहातल्या एकाला सेफॅलोस्पोरिनचीही ॲलर्जी असते, असे पूर्वी सांगितले जाई. आता तो धोका त्याहून पुष्कळ कमी, शंभरात एक-दोन इतकाच मानतात. पण तो सगळ्या सेफॅलोस्पोरिनना सारखा लागू नाही. रेणूच्या गाभ्याला जी बाजूची साखळी जोडलेली असते, तिच्यावर तो अवलंबून असतो, आणि सेफॅलेक्सिनची साखळी नेमकी ॲम्पिसिलिन या पेनिसिलिनसारखीच आहे. ॲम्पिसिलिनने मला खरोखर सूज आली असती किंवा श्वास लागला असता, तर त्यांनी सेफॅलेक्सिनला हात लावला नसता.

चिठ्ठीवर त्यांनी लिहिले: सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. त्याखाली ‘पाय उंच’ असे मराठीत लिहून दोनदा अधोरेखित केले. तोंडी बजावले ते असे: पहिल्या दिवशी लाली रेघेच्या थोडी बाहेर गेली तर घाबरायचे नाही, पण अठ्ठेचाळीस तासांत ती थांबली नाही, फोड आले, कातडी काळी-निळी पडली, गुंगी आली किंवा दिसते आहे त्याच्या मानाने वेदना भलतीच वाढली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात जायचे. स्टॅफिलोकोकसचा एक प्रकार असा आहे की त्याच्यावर तोंडाने घ्यायचे नेहमीचे कुठलेही सेफॅलोस्पोरिन चालत नाही. तो असला तर औषध बदलावे लागेल, आणि ते पुवाच्या तपासणीतच कळेल.

औषध मिळवणे हा निराळाच उद्योग झाला. पहिल्या दुकानात सेफॅलेक्सिन नव्हते. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी पाहून सेफिक्झिमचीच पट्टी पुढे केली आणि म्हणाला, “काका, हे सेम ग्रुपचं आहे, आणि दोनदाच घ्यायचं. ते चारदा घ्यायचं औषध आता कोण घेतं?” अर्ध्या तासापूर्वी हे ऐकले असते तर मी आनंदाने ती पट्टी घेऊन घरी गेलो असतो. तिसऱ्या दुकानात, खालच्या फळीवरून, वीस कॅप्सूल मिळाल्या, आणि त्या मी तीन दिवस चुकीच्या घेतलेल्या गोळ्यांपेक्षा काही महाग नव्हत्या.

पहिली कॅप्सूल मी रात्री दहाला घेतली आणि त्यावरून वेळापत्रक ठरले: रात्री दहा, पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार. चार वेळा का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. सेफॅलेक्सिन रक्तात तासाभरात निम्मे होते आणि बहुतेक सगळे जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंडाची विचारपूस त्यासाठीच होती. या घराण्यातली औषधे जंतूला आपल्याभोवतीची भिंत बांधू देत नाहीत. जंतू वाढताना भिंतीचे धागे एकमेकांना जोडणारे जे विकर (एन्झाइम) असते, त्यालाच ती जाऊन चिकटतात. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. पण त्यासाठी औषध पुरेशा प्रमाणात जास्तीत जास्त वेळ रक्तात असावे लागते. एकदम दुप्पट घेऊन ते साधत नाही. सेफिक्झिम तीन-चार तासांनी निम्मे होते म्हणून ते दिवसातून एकदा-दोनदा पुरते. सोयीचे म्हणून ते लोकप्रिय झाले असावे, असे मला आता वाटते.

शुक्रवारी पहाटे चारला गजर झाला. कॅप्सूल घेऊन मी विजेरीच्या उजेडात पाय पाहिला. लाली रेघेच्या वर बोटभर गेली होती. सांगितलेले असूनही पोटात धस्स झाले आणि मी उजाडेपर्यंत जागाच राहिलो. दिवसभर पाय तीन उशांवर, म्हणजे छातीच्या पातळीपेक्षा वर, ठेवून पडून राहिलो. नैसर्गिक विधीला उठलो की पाच मिनिटांत पाऊल जांभळटसर व्हायचे आणि ठणका लागायचा. हे उशांचे काम औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, हे मला अनुभवाने पटले. शुक्रवारी रक्ताचा अहवाल आला: पांढऱ्या पेशी वाढून पंधरा हजारांच्या घरात, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) ठीक, लेप्टोस्पायरोसिसकडे बोट दाखवणारे काही नाही. शनिवारी सकाळी मी घामाने भिजून जागा झालो. ताप उतरला होता, आणि तोही तापाची गोळी न घेता. लाली तिथेच थांबली होती. रविवारी तिचा रंग विटक्या गुलाबी लुगड्यासारखा झाला आणि नडगीवरच्या ताणलेल्या कातडीला बारीक सुरकुत्या पडल्या. सुरकुत्या पाहून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

पडल्यापडल्या मी या औषधाचे मूळ शोधून वाचले. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर कॅल्यारी नावाचे शहर आहे. तिथले आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्झु यांनी १९४५ मध्ये, शहराचे सांडपाणी जिथे समुद्रात सुटते त्या जागेच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. ती टायफॉइडसह अनेक जंतूंना मारत होती. तिचा नमुना पुढे ऑक्सफर्डला गेला. तिथे एडवर्ड एब्रहॅम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन सी हा पदार्थ वेगळा केला. तो स्वतः फार जोरदार नव्हता. पण पेनिसिलिन फोडून टाकणारे जे विकर स्टॅफिलोकोकस तयार करतो, त्याला तो दाद देत नव्हता. या एका गुणामुळे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा गाभा घेऊन त्याला निरनिराळ्या साखळ्या जोडल्या आणि आजची सगळी घराणेशाही त्यातून उभी राहिली. बुरशीने पायाला चीर पाडली आणि दुसऱ्या एका बुरशीच्या जिवावर मी बरा होत होतो. ही गंमत मी पत्नीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “अहो, आधी चारची कॅप्सूल घ्या.”

औषधाचा त्रास झाला नाही असे नाही. रविवारी दुपारपासून पोट बिघडले. तीन-चार वेळा पातळ झाले. डॉक्टरांनी पाणी, मीठ-साखर आणि ताक घ्यायला सांगितले, जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही असे बजावले, आणि रक्त पडले, पोटात कळा आल्या किंवा जुलाब वाढले तर लगेच कळवायला सांगितले; आतड्यातले चांगले जंतू मेल्यावर एक वाईट जंतू माजतो, त्याची भीती असते. कॅप्सूल खाण्याबरोबर घेतली तरी चालते म्हणून मी ती पोळीच्या घासाबरोबर घेऊ लागलो. सोमवारी पोट ठिकाणावर आले.

सोमवारीच पुवाचा अहवाल आला. स्टॅफिलोकोकस ऑरियस, असे वर लिहिले होते. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर: चालते किंवा चालत नाही. पेनिसिलिन चालत नव्हते. मी सेफॅलेक्सिन शोधू लागलो, तर ते यादीतच नव्हते. सेफिक्झिमही नव्हते. त्यांच्या जागी सेफॉक्सिटिन नावाचे एक अनोळखी औषध होते आणि त्यापुढे ‘चालते’ असे अक्षर होते. मला वाटले प्रयोगशाळेचा घोळ झाला. मंगळवारी अहवाल दाखवला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की सेफॉक्सिटिन मला द्यायचे नसते; ते परीक्षेचा पेपर म्हणून वापरतात. ज्या स्टॅफिलोकोकसवर ते चालते, तो हट्टी प्रकारातला नाही असे धरतात, आणि मग सेफॅलेक्सिनही चालणार असे मानतात. प्रत्येक औषध वेगळे तपासत बसावे लागत नाही.

त्या मंगळवारी वीस कॅप्सूल संपल्या होत्या. लाली रेघेच्या चार बोटे आत आली होती, सूज बाकी होती. पाच दिवस बहुतेकांना पुरतात, पण तुमची सुरुवात उशिरा झाली, असे म्हणून त्यांनी आणखी दोन दिवस, म्हणजे आठ कॅप्सूल वाढवल्या. पहाटे चारला उठत होतो असे मी अभिमानाने सांगितले, तर ते हसले. “एवढं घड्याळ लावायची गरज नव्हती. उठल्यापासून झोपेपर्यंत चार भाग केले तरी बहुतेकांना पुरतं. पण उठलात ते बरंच झालं.” सूज उतरायला आणखी तीन आठवडे लागले आणि नडगीची कातडी कांद्याच्या सालीसारखी सोलली. चिखल्यांसाठी क्लोट्रिमाझोलचे मलम चार आठवडे लावावे लागले. धावरे सात दिवसांत बरे झाले आणि त्याला आत घेणारे दार बंद व्हायला महिना गेला. हे दार उघडे राहिले तर धावरे त्याच पायाला पुन्हा येते. आजोबांना ते दोनदा का झाले, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे, तीही त्या आठवड्यात पाहण्यात आली. सेफॅलेक्सिन तिच्यात ‘ॲक्सेस’ गटात आहे, म्हणजे सर्वत्र सहज मिळावे असे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम आणि सेफ्युरोक्झिम ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरावे असे. माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात यातले जपून वापरायचे औषध समोरच्या काचेत होते आणि सहज मिळावे असे औषध तिसऱ्या दुकानातल्या खालच्या फळीवर.

डिसेंबरात मला पुन्हा सर्दी झाली आणि खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी कफ पिवळा झाला, तेव्हा मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला, गळ्याच्या गाठी चाचपल्या, छाती ऐकली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला. घशावर पांढरे ठिपके नव्हते, ताप नव्हता, श्वास स्वच्छ होता. कफाचा रंग पिवळा झाला म्हणून जंतू बदलत नाही, विषाणूच्या खोकल्यातही तो तसा होतो, आणि दोन-तीन आठवडे चालतो, असे त्यांनी सांगितले. धाप लागली, पुन्हा ताप चढला किंवा छातीत दुखले तर यायला सांगितले. चिठ्ठीवर वाफ आणि मीठपाण्याच्या गुळण्या एवढेच होते. घरी आल्यावर पत्नीने सवयीने कपाटाचा खण उघडला. त्यात थर्मामीटर होता आणि क्लोट्रिमाझोलची अर्धी ट्यूब. खोकला एकोणिसाव्या दिवशी थांबला.